चौकोनातला मध्यम पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे आणि मला भयंकर राग आला आहे. माझे रूप साधे आहे. वर तांब्याचे नरसाळे आणि पोटात बाटली.

एका तांबटाने मला घडवले आणि नाल्याकाठच्या लाँड्रीमागे माझी नेमणूक झाली. लाँड्रीवाले काका रोज सकाळी पाणी मोजून हवामान कचेरीला फोन करत. मग इस्त्री केलेल्या रुमालाने मला पुसत. "आमचा तांबोबा कधी खोटं बोलत नाही," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. तेव्हा मी फुशारून जाई.

मग कचेरीत पावसाचा अंदाज सांगणारे संगणकाचे मॉडेल आले. ते सगळ्या परिसराचा एक मोठा चौकोन धरून एकच आकडा सांगे. त्या आकड्यावर नाल्याकाठचा पुराचा इशारा देणारा भोंगा वाजे. एके दिवशी मॉडेल म्हणाले, मध्यम पाऊस. भोंगा गप्प राहिला. माझी बाटली भरून वाहू लागली, नाला लाँड्रीत शिरला आणि काका वाहून गेले.

नंतर मॉडेलची परीक्षा झाली. चौकोनात आम्ही चार पर्जन्यमापक होतो. तिघे जवळपास कोरडे होते, मी तुडुंब होतो. कचेरीतल्या साहेबांनी चौघांची सरासरी काढली. ती मध्यमच आली आणि मॉडेल पहिल्या वर्गात पास झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या कचेरीतच काकांच्या बायकोची भाची काम करते. तिला तिच्या या मावशीने विचारले, "मध्यम पावसात माणूस वाहून जातो का गं?"

भाचीने चौकोन तोडून प्रत्येक ठिकाणचा पाऊस वेगळा ताडून पाहिला. मॉडेल सपशेल नापास झाले.

साहेब चिडले. "वरच्यांना आता काय तोंड दाखवू?"

"आधी माझ्या मावशीला दाखवा," ती म्हणाली.

साहेबांनी फेरपरीक्षा ठेवली आहे. तोवर भोंगा त्याच आकड्यावर चालणार आहे. आज पुन्हा ढग भरून आले आहेत. काका गेल्यापासून मला कोणी पुसलेले नाही, नरसाळ्यात पाला अडकला आहे. मित्रांनो, तेवढा काढा. माझे तोंड तुंबले, तर माझ्याही पोटात मध्यमच पाऊस भरेल आणि मॉडेल पुन्हा पास होईल.