मिठाचा शेक

काशिरामने गरम मिठाची पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली, तिच्यावर फुंकर घातली आणि बायकोच्या उजव्या पायाच्या तळव्याकडे नेली. प्राचीने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, नको."

"अगो, ह्यो पन थंडगार लागतो. तो गेला, ह्यो तरी वाचवू."

तो, म्हणजे चंद्रावतीचा डावा पाय, बँडेज बांधून पांघरुणाखाली होता. बोटं काळी पडली होती, टाचेच्या जखमेतलं विष वर चढत होतं आणि दुपारी तो गुडघ्याखाली कापायचा होता. आणि हा माणूस रुग्णालयासमोरच्या डोसेवाल्याकडून जाडं मीठ तापवून घेऊन आला होता! सिस्टरच्या नजरेतून ते सुटलं कसं, देव जाणे.

चूक प्राचीची होती. काल संध्याकाळी बापाने विचारलं होतं, "तू तं याचाच अभ्यास करतेस ना गो? मंग सांग, कशानी झाला ह्या?"

प्राची खारघरच्या एका प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांवरच संशोधन करायची. तिने सोपं करून सांगितलं. रक्ताच्या नळीच्या भिंतीत पहारेकरी असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. ते उपजतच असतात, त्यांना काही शिकवावं लागत नाही. जंतू दिसला की बोंब मारायची, एवढंच त्यांचं काम. पण भिंतीत साचून बिघडलेली आपलीच चरबीसुद्धा त्यांना परकी वाटते. मग ते बोंब मारत सुटतात, मदतीला पेशी धावतात, सूज येते आणि वर्षानुवर्षं ती सूज नळी आतून बुजवत जाते. पायाला रक्त पोचत नाही, पाय गार पडतो.

"म्हंजे घरच्याच राखन्यानी घोल केला," असं म्हणून काशिरामने केवढा तरी श्वास सोडला होता.

सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. टाचेची जखम काही रिसेप्टरने केली नव्हती. सर्जनने पाहताक्षणी विचारलं होतं, "पाय शेकला होता का कुणी?" मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, आणि रक्तच नसेल तर भाजलेलं भरून येत नाही. पण मिठागरात जन्म काढलेल्या घरात कुठे दुखलं, गारठलं की मिठाचाच शेक. खाऱ्या पाण्याने चिरलेल्या पायांना पिढ्यान् पिढ्या त्यानेच आराम पडलेला. शंका घेणार कोण? प्राची आईबापाच्या करंजाड्याच्या फ्लॅटवर रविवारी येई, तोवर शेक आटपलेला असे.

काल तिला वाटलं, पाय तर जाणारच आहे, म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला लावा? आणि आज तो दुसरा पाय भाजायला निघाला होता. आता बोला!

"बाबा, आईचा पाय शेकानी भाजलाय," ती म्हणाली. "तिला चटका कळत नव्हता. ती जखम त्याचीच हाय."

काशिरामने पुरचुंडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"मी?"

प्राचीने खाली बघतच मान हलवली. तो उठला आणि चपला न घालताच बाहेर गेला.

चुलीत गेलं ते संशोधन, असं तिला झालं. एवढी वर्षं त्या रिसेप्टरांच्या मागे घालवली आणि घरातली एक पुरचुंडी दिसली नाही. तिने ओढणी तोंडाला लावली आणि रडू दिलं.

"सांगितलास ना त्याला?" चंद्रावतीने डोळे न उघडताच विचारलं.

"तू जागी होतीस?"

"मना म्हायत व्हता."

"काय म्हायत होता?"

"पाय भाजत व्हता, ता. दुखत नव्हता, पन वास येत व्हता गो. कातडी सोललेली मीच बघली, नि वरती लुगडा वडून घेतला."

"अगं आई, मग बोलली का नाहीस?"

चंद्रावतीने दाराकडे पाहिलं. काशिराम अजून बाहेरच होता.

"मिठाचा आगर गेला तवापासना तुज्या बापाचा कशात जीव नाय. दिसभर गॅलरीत बसून समोरच्या टावरकडं बगायचा. मेल्यावानी. शेकाया बसला का मातर बोलायचा. आमच्या लग्नातल्या गोष्टी काढायचा, हसायचा. पाय मांडीवर घेऊन." तिला धाप लागली. "उभ्या जन्मात त्यानी माजा पाय हाती धरला नव्हता."

प्राचीने तिचा हात घट्ट धरला.

काशिराम आत आला. तोंड धुऊन आला होता, पण डोळे लालच होते. चंद्रावतीने उजवा पाय हळूहळू पांघरुणाबाहेर काढला आणि खाटेच्या कडेला ठेवला.

"आवो, या. नुसता हात ठेवा."

काशिरामने दोन्ही हात पाठीमागे घेतले. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, तेव्हाही तो तसाच भिंतीला टेकून उभा होता, आणि चंद्रावतीचा पाय उघडाच होता.