मीटरमास्तरांचा पंचनामा

लेकीकडे राहायला येऊन जेमतेम तिसरा दिवस, आणि घरात चोर आहे याची मीटरमास्तरांना खात्री पटली.

आता एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचण्यात आणि वीजचोर पकडण्यात घालवलेल्या माणसाला चोर नाही दिसणार तर काय देवदूत दिसणार? कुणाच्या घरी गेल्यावर इतर पाहुणे आधी पाणी मागतात, मास्तर आधी मीटर शोधत. लेकीचं मीटर जिन्याखाली होतं. त्यावरचा बारका लाल दिवा वीज जास्त लागली की भरभर लुकलुकतो, कमी लागली की सावकाश. सकाळी लेक दातांच्या दवाखान्यात कामावर जायची, जावई नकाशे काढण्याच्या ऑफिसात. मागे घरात चालू काय, तर एकटा फ्रिज. तोही अधूनमधून दम खायला थांबतो. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळावर लुकलुक मोजली. फ्रिज गप्प झाला, तरी दिव्याची घाई काही कमी होईना.

"कोणीतरी खातंय," मास्तर म्हणाले.

पहिला संशय अर्थातच वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडावर, त्यांनी इथून वायर ओढली असेल म्हणून. पण वायर नीट होती, सील शाबूत होतं. मास्तर थोडे हिरमुसले. मग त्यांनी घरातल्या बोर्डावरची बटणं एकेक करून पाडली. आधी बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मग झोपायची खोली. दिवा आपला लुकलुकतोच आहे. उरली जावयाची कामाची खोली. ते बटण मास्तरांनी पाडलं नाही, कारण चोराला आधीच सावध करायचं नसतं.

खोलीत कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर, पण टेबलाखालच्या पेटीवर तळवा ठेवला तर ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी गरम. आत पंखा घरघरत होता.

जावयाबद्दल मास्तरांचं मत मुळातच सावध होतं. माणूस फार चांगला होता, हीच अडचण होती. आवाज चढवत नसे, "बाबा, चहा टाकू का?" म्हणून विचारी. मास्तरांचा अनुभव असा, की आरडाओरडा करणारं गिऱ्हाईक साधं असतं. जो "या साहेब, बसा" म्हणतो त्याचं मीटर आधी उघडावं. लेकीचा मात्र नवऱ्यावर डोळे मिटून विश्वास होता. त्याचा फोन वाजला तरी ती नाव वाचत नसे, उशीर झाला तर विचारत नसे. मास्तरांना तिची काळजी वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही.

संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जावईबापू, तुमचा तो कॉम्प्युटर दिवसा बंदच असतो ना?"

जावयाची नजर क्षणभर बायकोकडे जाऊन आली. "हो बाबा, बंदच."

झालं. एवढं मास्तरांना पुरे होतं.

इथे कुणी शहाणा माणूस असता तर त्याने जावयाला बाजूला घेऊन विचारलं असतं. पण मास्तरांच्या खात्याचा शिरस्ता वेगळा: ज्याच्यावर संशय, त्याला कळू द्यायचं नाही, जागेवर पंच उभा करायचा आणि त्याच्या डोळ्यांदेखत पंचनामा करायचा. घरात दुसरा पंच होता कोण? मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात फोन करून लेकीलाच बोलावून घेतलं.

ती धावतपळत आली. तिला वाटलं, बाबांना काही झालं. मास्तरांनी तिला मीटर दाखवलं, बटणं दाखवली, गरम पेटीवर तिचा हात ठेवला आणि माउस हलवला. पडदा उजळला. रंगीत मण्यांची गुंतलेली माळ हळूहळू फिरत होती, खाली लिहिलं होतं: काम त्र्याऐंशी टक्के पूर्ण. त्याखाली जावयाचं नाव, आणि 'सलग दिवस: दोन हजार एकशे चार'.

"बघ. आता बोल," मास्तर विजयाने म्हणाले.

तिने पडद्यावरचं सगळं वाचून काढलं. मग म्हणाली, "हे त्याने बंद केलं होतं, बाबा. चार वर्षांपूर्वी. ऑफिसच्या चौदा कॉम्प्युटरवर न विचारता टाकलं होतं, नोकरी जाता जाता वाचली. महिनाभर मी घाबरून होते. तेव्हा मला वचन दिलं होतं, पुन्हा नाही म्हणून." तिने तो आकडा पुन्हा वाचला. "एक दिवससुद्धा थांबला नाही हा."

संध्याकाळी जावयाने सगळं सांगितलं. एका आजारावर औषध शोधायचं चाललंय, त्याचं गणित डोंगराएवढं, म्हणून तुकडे करून जगभरच्या घरांत पाठवतात. रिकामा बसलेला कॉम्प्युटर आपला तुकडा सोडवून परत धाडतो.

"आणि तुम्हाला काय मिळतं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

मास्तर गोंधळले. वीज चोरणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. आपली वीज अनोळखी माणसांच्या औषधासाठी गुपचूप देणारा हा पहिलाच. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मला वाटलं, तू फक्त ऑफिसातलं बंद कर म्हणालीस," जावई बायकोला म्हणाला.

"मग बाबांनी विचारलं तेव्हा 'बंद असतो' का म्हणालास?"

"तू पुन्हा घाबरशील म्हणून."

तिने मान हलवली आणि पानं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने तो प्रोग्राम काढून टाकला आणि कामाला गेला. मास्तर जिन्याखाली जाऊन आले. दिवा सुस्तावला होता. ते खुशीत लेकीला म्हणाले, "मिटलं बघ सगळं! आणि माणूस मोठ्या मनाचा आहे हं तुझा. मीच चुकलो."

ती दारात पर्स घेऊन उभी होती. "बाबा, दर गुरुवारी तो दोन तास उशिरा येतो. मीटिंग असते म्हणतो."

"मग असेल की."

"तुम्ही पाहिलंय?" तिचा आवाज शांत होता, कामाचा होता. गिऱ्हाइकाच्या दारात मास्तरांचा असायचा, अगदी तसा. "पकडलेला चोर आधी कितीदा सुटलेला असतो, ते तुम्हाला माहीत आहे. आज गुरुवार आहे. त्याच्या ऑफिससमोर बाकडं आहे, तिथे बसा. मी बसले तर त्याला दिसेन."

अगं, विश्वास ठेव त्याच्यावर, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणालाही म्हटलं नव्हतं. ते कुठून सुरू करायचं हेच त्यांना कळेना. तोवर तिने ऑफिसचा पत्ता लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला होता.