पालीला दिलेलं माझं इंजिन

मी एक शेव्हरोलेट बोलतेय. साल एकोणीसशे एक्कावन्न, जन्म अमेरिकेचा, मुक्काम बीड. आवाज पार बसलाय, तेव्हा जरा जवळ येऊन ऐका.

आधी मी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडे होते. त्यांची जहागीर गेलेली, नुसता थाट उरलेला. तोही परवडेना, तेव्हा बीडच्या मन्मथप्पांनी मला विकत घेतलं. त्यांचं कापडाचं दुकान. त्यांची नवी नवरी शांतादेवी माझ्यातूनच दारात उतरली. कपिलधारच्या यात्रेला माझ्यात चौदा-चौदा माणसं कोंबायचे. लग्नसराईत तर गावातला प्रत्येक नवरदेव माझ्याच गादीवर बसून घाम पुसायचा. वैताग यायचा, पण लाडही तेवढेच व्हायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. शेजारच्या पाली गावात आसाराम नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीच्या तळाशी पाणी होतं, पण मोट ओढायला बैल उरले नव्हते. मन्मथप्पांनी मिस्त्री बोलावला, माझं इंजिन उतरवलं आणि विहिरीवर नेऊन पंपाला जोडलं. चार महिने सगळी पाली ते पाणी प्याली. पाऊस झाल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "इंजिन आणू का माघारी?" अप्पा म्हणाले, "राहू दे. दिलं ते दिलं."

तेव्हापासून मी शेडमध्ये उभी आहे. माझ्या टपावर कापडाचे गठ्ठे आले, मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली. येणारा प्रत्येक पाहुणा बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "लई जुनी हाय की!" जसं काही मला ठाऊकच नाही.

अप्पा गेले. त्यांचा मुलगा मृत्युंजय आता दुकान वाढवायचं म्हणून शेड पाडतोय. शुक्रवारी भंगारवाला यायचा होता. त्याआधीच पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. त्यांनी मायेनं माझ्यावरची धूळ झटकली, आरसी बुक पाहिलं आणि बॉनेट उघडलं. आत पोकळी.

"या बुकातल्या नंबरचं इंजिन मिळालं तर सोन्यासारखी गाडी आहे. नाहीतर नुसता पत्रा," ते म्हणाले.

मृत्युंजय आईला म्हणाला, "पालीला आता इलेक्ट्रिक मोटार हाय. इंजिन नुसतं पडून हाय. मागून आणतो."

"न्हाई," शांतादेवी म्हणाल्या. "तुज्या अप्पांनी दिलंय ते. दिलेलं मागायचं नसतं. गाडी गेली तरी चालंल."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. तोडलं मला जाणार होतं, त्यांना नाही. पण संध्याकाळी त्या एकट्याच आल्या, माझ्या सीटवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग माझा राग टिकला नाही.

पाली काही लांब नाही. बातमी पोचली. गुरुवारी दारात टेम्पो थांबला. त्यातून आसारामची बायको वत्सलाबाई उतरली. मागे माझं इंजिन होतं, कुंकवानं माखलेलं. दर खंडेनवमीला ती त्याची पूजा करायची.

"अक्का, गाडी भंगारात जाती म्हनं. मला काहून सांगितलं न्हाई?"

"दिलेलं माघारी कसं घेऊ, वत्सला?"

"माघारी घेऊच नका. आज हे म्या देतेय."

शांतादेवींनी तिचा हात धरला.

निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी शौकीन धावत आले. पेट्रोलच्या फडक्यानं कुंकू पुसून त्यांनी नंबर वाचला. जुळला. किंमत म्हणे एकदम चौपट झाली. सगळे हसत होते. मला मात्र त्या पुसलेल्या कुंकवाचं वाईट वाटलं.

उद्या मला पुण्याला नेणार आहेत. खरं तर आता कुठंच जायचं त्राण नाही, पण भंगारापेक्षा बरं. तिथं काचेच्या दालनात पाटी लागेल, 'इंजिन मूळचे'. ते खरंच आहे. मधली पन्नास वर्षं ते कुठं होतं, एवढं कुणी लिहिणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. कधी आलात तर किंमत विचारू नका, बॉनेट उघडायला सांगा. डाव्या अंगाला, फडकं पोचलं नाही तिथं, थोडं कुंकू राहिलंय. तेवढं कुणाला पुसू देऊ नका.