भंगार म्हटलेली सुवेगा

ही गोष्ट २०२३ सालची, दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. आमच्या ह्यांची, म्हणजे माधवरावांची, सुवेगा तेव्हा अंगणात ठप्प उभी होती. पायडलची ती मोपेड आम्ही लग्नानंतर लगेच घेतलेली. राहुरीहून मुळा धरणावर जाताना चढ आला की हे पायडल मारत आणि मी उतरून मागून चालत असे. तरी वाटे, आपल्यासारखं सुखी कोणी नाही.

इंजिन अजून सुरू होई, पण पट्टा फिरवणारी पुली झिजली होती. नवी बनवून बसवली तर पट्टा घसरे. शहात्तराव्या वर्षी माधवरावांना ती गाडी एकदा तरी चालवायची होती, आणि त्यासाठी मूळ पुलीच हवी होती.

आमचा फिटर गोरक्ष म्हणाला, "कर्जतच्या अलीकडं माझ्या छबूमावशीकडं हाय एक सुवेगा. काका वारल्यापासनं उभीच हाय."

त्याच्याच टेम्पोतून गेलो. छबूबाईंनी आधी जेवायला बसवलं. पिठलं, भाकरी, ठेचा. मग गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली नेलं. गाडीवर जुनं लुगडं पांघरलेलं. ते काढलं तर हँडलला झेंडूची वाळलेली माळ, टाकीवर हळदीकुंकू.

माधवराव वाकले. पुलीच्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरला आणि थांबला. मला कळलं, सापडली.

पण जुने भाग घेणाऱ्यांची एक रीत असते. हव्या त्या वस्तूकडे बघायचं नाही, भलत्याचीच चौकशी करायची आणि गाडीला नावं ठेवायची. माधवराव गाडीचा पुढचा दिवा हलवत म्हणाले, "हा चालेल कदाचित. बाकी सगळं भंगार आहे. वापरणाऱ्यानं काळजीच घेतलेली नाही."

"आमचं मालक रोज पुसायचं तिला," छबूबाई हळूच म्हणाल्या. "लेकरांनाबी हात लावू देत नव्हतं." मग घाईघाईने माळ काढून त्यांनी पदराआड धरली. "आमाला काय कळतंय, सायेब. भंगाराची पूजा करीत बसलो. न्या सगळीच. पैसं नगं. लोकं हसतील."

गोरक्ष जमिनीकडे बघत राहिला. माझ्या जिभेवर त्यांच्या ठेच्याची चव अजून होती. मला तिथे उभं राहवेना.

"अहो, खरं सांगा त्यांना."

"सुनीती, तू मध्ये पडू नकोस."

"छबूबाई, ही पुली आम्ही किती दिवस शोधतोय. इतकी जपलेली गाडी ह्यांनीही पाहिली नसेल. भाव पाडायला बोलले ते."

छबूबाईंनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. "पाडायला भाव मी सांगितलाच कुटं हुता, सायेब?"

जन्मभर ताठ मानेने नोकरी केलेला माणूस चष्मा पुसत उभा राहिला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

"म्हंजी चांगली हाय?"

"फार चांगली."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच."

त्यांनी माळ पुन्हा बांधली. तरी चहा दिलाच.

पुढे माधवरावांनी आमची सुवेगा गोरक्षला देऊन टाकली. "मावशीच्या गाडीला लागेल ते काढून घे," म्हणाले. आमचा कार्बोरेटर तिकडे बसला आणि ती गाडी सुरू झाली. छबूबाईंची नात संस्कृती तिच्यावर कॉलेजला जायची. आता ती पुण्यात नोकरीला आहे. छबूबाई गुडघ्यांच्या दुखण्यानं घरातच असतात. गोरक्ष बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करतो. माधवराव गेल्या वर्षी गेले, सुवेगा पुन्हा न चालवताच. तरी त्यांच्या दहाव्याला छबूबाई कर्जतकडून आल्या होत्या. मी त्यांना बसा म्हटलं, पण ते 'भंगार' आठवलं आणि नजरेला नजर देता आली नाही.