अजगराचे पाय

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनाही जागा द्या. गोष्ट लहान आहे, आणि ओरडून सांगण्यासारखी तर मुळीच नाही. एक माणूस होता, मेलेल्या जनावरांची हाडं जोडून पोट भरणारा. चारचौघांत बोलायचं त्याचं आयुष्यभरात एकच वाक्य होतं. ते त्याच्या हातून कसं गेलं, तेवढं सांगतो.

सशाच्या बरगड्यांतून पितळी तार ओवत सांधेकाका कॉलेजच्या संग्रहालयात खिडकीपाशी बसले होते. प्राणिशास्त्राच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, उद्या चर्चेला कुणाच्या बाजूला बसणार?"

"बाजूला कशाला? मी कायम दादाच्या मागे बसतो."

"मग मागेच बसा." बाई हसल्या. जाता जाता काचेच्या मोठ्या कपाटापाशी क्षणभर थांबल्या आणि निघून गेल्या. त्या कपाटात अजगराचा सांगाडा होता. सांधेकाकांच्या हातातली तार वाकडी गेली.

सांधेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजातल्या पोरांनी ठेवलेलं, पण इतकं चिकटलं की पगाराच्या कागदाखेरीज दुसरं नाव कुठे उरलं नाही. मेलेलं जनावर आलं की ते आधी मांस सोडवायचे, मग हाडं कोमट पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत घालायचे, सोड्याने तेलकटपणा काढायचे, उन्हात वाळवायचे आणि प्रत्येक हाडावर शिसपेन्सिलीने आकडा घालायचे. पाणी ओतताना खाली दुहेरी फडकं धरायचे. उंदराच्या पायाचं नख त्यांच्या हातून कधी वाहून गेलं नाही. बायको म्हणायची, "घरात मिठाची बरणी सापडत नाही यांना, आणि कोल्ह्याच्या शेपटीत मणके किती ते झोपेत विचारा."

हा झाला दिवस. संध्याकाळी सांधेकाका हातात टाळ घेऊन दादांच्या मागे उभे राहायचे. दादा म्हणजे थोरले बंधू. गाऊन निरूपण करायचे. आवाज असा की पहिली ओळ सुटली की दारातला माणूस चपला काढून आत यायचाच. सृष्टीच्या कारागिरीवर बोलू लागले की दादांना वेळेचं भान राहत नसे. "सुतार उठला की मागे भुसा उरतो," ते म्हणायचे, "शिंपी उठला की चिंध्या. पण त्या वरच्याच्या कारखान्यात केरसुणी नाही. तिथे काही उरतच नाही, तर झाडायचं काय? खोटं वाटत असेल तर हा माझा धाकटा बसलाय, आयुष्यभर जनावरं जोडतोय." मग मान वळवून विचारायचे, "काय रे, एखादं हाड कधी उरलं का?"

"नाही, दादा."

आणि टाळ वाजायचा. लोक माना डोलवायचे. सांधेकाकांचं ते एकच वाक्य. त्यासाठी ते दुपारपासून घसा साफ करत असायचे, असं त्यांची बायको सांगायची.

बाई दारात आल्या त्याच्या वीस वर्षं आधी प्राणिबागेतला म्हातारा अजगर मेला आणि कॉलेजात आला. सांधेकाकांनी मांस सोडवायला घेतलं. शेपटी जिथे सुरू होते तिथे, दोन्ही अंगांना, मणक्यांशी कसलाही सांधा नसलेली, मांसातच रुतलेली बारीकशी हाडं सुरीला लागली. त्यांनी ती अलगद काढली. काडीएवढं मांडीचं हाड आणि टोकाला वाकडं नख. डावीकडे एक, उजवीकडे एक.

माणसाने तीस जातींचे पाय जोडलेले असले की पाय ओळखायला पुस्तक लागत नाही.

सांधेकाका हात न धुता तसेच बसून राहिले. जोडावीत, तर सापाला पाय देऊन बसलेला देव. ज्याला कधी चालायचं नाही त्याला पाय कशाला? न जोडावीत, तर हाडं उरली. कुठूनही गेलं तरी दादा खोटा पडत होता. त्याच संध्याकाळी दादांनी मान वळवली. "काय रे, एखादं हाड कधी उरलं का?"

सांधेकाका म्हणाले, "नाही, दादा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अजगराचे साडेतीनशेच्या घरातले मणके एकेक करून तारेत ओवले. बरगड्या लावल्या. ती दोन हाडं एका काचेच्या बाटलीत घालून खणात, जुन्या पटाशीच्या मागे ठेवली. टाकली नाहीत. हाड टाकणं त्यांच्या हाताला येतच नव्हतं.

आता ही चर्चा. वाचनालयाने ठेवली होती, फळ्यावर विषय लिहिला होता: जीव घडवले, की घडत गेले? एका खुर्चीवर बाई, दुसरीवर दादा. सकाळी दादा दाढी करत होते तेव्हा सांधेकाका त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"दादा, एक सांगायचं होतं."

"आल्यावर सांग. आज बाईंना असा कोपऱ्यात घेतो बघ. आणि टाळ घे बरोबर."

"चर्चेला टाळ?"

"सवयीचा आहे. हातात काही नसलं की तू उभ्या उभ्या पडशील."

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्यांदा बाई बोलल्या. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा पर, तिन्हींची चित्रं त्यांनी पडद्यावर दाखवली. तीच हाडं, त्याच क्रमाने. कुठे लांबलेली, कुठे आखडलेली. एका पूर्वजाची ही निरनिराळी लेकरं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

दादा उठले. "बाई, एकाच सुताराच्या खुर्च्यांनाही एकसारखे पाय असतात. म्हणून काय खुर्चीच्या पोटी खुर्ची जन्मली?"

सभा हसली. बाईही हसल्या. "खुर्च्यांना पिल्लं होत नाहीत, दादा. झाली असती तर मी त्यांचीही वंशावळ लावली असती. आणि वल्हं करायला बसलेला सुतार आत बोटं कशाला कोरेल?"

आता सभा बाईंकडे पाहून हसली. दादांना चेव चढला. हरायची सवय नव्हती त्यांना, तेही माणूसच. आवाज उचलून त्यांनी भुसा आणला, चिंध्या आणल्या, केरसुणी आणली. गायले सुद्धा. मागच्या रांगेतल्या बायकांनी आपसूक ताल धरला. मग दादा म्हणाले, "बाईंच्याच खात्यातला माणूस आहे हा. माझा भाऊ म्हणून नका ऐकू त्याचं. काय रे, एखादं हाड कधी उरलं का?"

सांधेकाकांनी वर पाहिलं. बाईंची नजर टेबलावर होती. अजगराच्या पायांचं चित्र आज पडद्यावर आलं नव्हतं, हे सांधेकाकांच्या तेव्हा लक्षात आलं. ते चित्र बाईंना ठाऊक नसेल असं होणं शक्य नव्हतं. बाईंनी त्यांना झाकलं होतं, कदाचित वीस वर्षं.

"दोन उरली, दादा."

दादांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालास?"

"अजगराची दोन. पायाची. मी जोडली नाहीत."

सांधेकाकांच्या हातातले टाळ एकमेकांवर घासून बारीकसे किणकिणले.

दादांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता ठेवला. "मंडळी," ते म्हणाले, "माझा दाखला खोटा निघाला. मी बसतो."

खाली बसताना त्यांनी खुर्ची हाताने चाचपली.

सभा उठल्यावर दादा घरी गेले नाहीत. "दाखव," एवढंच म्हणाले. तिघं मिळून संग्रहालयात गेले. सांधेकाकांनी बाटली काढली आणि हाडं दादांच्या तळव्यावर ठेवली. दादांनी चष्मा कपाळावर सरकवला, हात डोळ्यांशी नेला.

"नखसुद्धा आहे की रे."

"हो."

"याला उपयोग होतो का काही, बाई?"

"नराला जोडीच्या वेळी थोडा. चालायला काही नाही. याचे पूर्वज कधीकाळी चालत होते, त्याची ही खूण."

"म्हणजे केरसुणी नाही म्हणतो मी, आणि घरात जुनं सामान तसंच पडलेलं." दादा स्वतःशीच हसले. मग हसू विरलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"अजगराला ती असतात हे माहीत होतं. सांगाड्यात नाहीत हेही दिसत होतं. काकांच्या हातून काही हरवत नाही, दादा. म्हणून मी विचारलं नाही."

दादा भावाकडे वळले. "वीस वर्षं खोटं बोललास. त्या वरच्यासाठी, की माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी. त्याला माझी साक्ष कशाला लागतेय?"

दादांनी तळव्यावरचं नख बोटाने उलटवलं. मग म्हणाले, "त्याने कसं केलं हे मला कुणी येऊन सांगितलं होतं? मीच आपलं त्याच्या तोंडी घातलं. लाव आता ती हाडं. मी दिवा धरतो."

सांधेकाकांनी हातड्रिलने सुईएवढी भोकं पाडली, तार ओवली. दादा दिवा इकडून तिकडे नेत होते, तशी भिंतीवर अख्ख्या अजगराची सावली सरकत होती. बाईंनी चहा मागवला, तो तिघांनी उभ्यानेच घेतला.

पुढे काही घरांतून दादांना बोलावणं यायचं थांबलं. भावानेच भावाला भर सभेत पाडलं, असंही लोक बोलले. दादांनी कुणाला उत्तर दिलं नाही. देवावरची त्यांची माया तसूभर हलली नाही. उलट आवाजात काहीतरी ओलं आलं, असं जुने ऐकणारे सांगत. पण कारागिरीचा तो भाग त्यांनी पुन्हा कधी गायला नाही. बाईंकडून पुस्तकं आणून वाचायचे, अडलं की धाकट्याला विचारायचे. कुणी म्हणालं, "दादा, तिथे दुसरा एखादा दाखला घाला," तर म्हणायचे, "खोटं काढलं की ती जागा थोडी रिकामी राहू द्यावी."

तेवढी जागा आली की दादा थांबायचे. गाणारा विसरला, असं नव्या माणसाला वाटायचं. सांधेकाका टाळ छातीशी धरून मागे उभे असायचे. आता त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. खरं बोलल्याचा पस्तावा त्यांना कधी झाला नाही, पण बायकोपाशी एकदा म्हणाले, "तेवढं एक विचारायचा गं. बरं वाटायचं."

दादा आधी गेले. त्यानंतर सांधेकाका दुसऱ्या कुणाच्या मागे उभे राहिले नाहीत. निवृत्त झाल्यावरही मधूनमधून संग्रहालयात यायचे, कपाटाची काच आपल्या रुमालाने पुसायचे, जायचे. मग त्यांचं येणंही थांबलं.

कधी कुठल्या संग्रहालयात गेलात, तर सांगाड्याखालची पाटी वाचाल. तिच्यावर जनावराचं नाव असतं, ते कुठून आलं ते असतं, देणाऱ्याचंही नाव असतं. जोडणाऱ्याचं नसतं. तेव्हा जरा वाकून सांध्यातली तार बघा, आणि आमच्या सांधेकाकांची आठवण काढा. एवढंच मागणं आहे.