तारघराची बोटं

फोन दुकानात परत करायचा आज शेवटचा दिवस होता. बिलियानाच्या वहीत त्याच्या तेरा दिवसांच्या नोंदी होत्या: कॅमेरा सुमार, पडदा इवलासा, बॅटरी मात्र दोन दिवस टिकते. स्वस्तातला होता, पण खाली प्रत्येक अक्षराचं खरंखुरं, बोटाला लागणारं बटण होतं. त्या बटणांसाठीच तिने तो घेतला होता.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचे वडील लाझार बोलत नव्हते. उजवा हात लुळा पडला होता; डाव्यात पेन ठरत नव्हतं, काचेवर बोट घसरत होतं. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘समज’ हा एकच रकाना रिकामा होता. तिथे तिने ‘नाही’ लिहिलं, की बाबा कायमचे डोंगरापलीकडच्या शुश्रूषागृहात जाणार होते.

"आपल्या या कंजूष गाब्रोवो गावात स्वस्त वस्तू दिसली की माणूस आंधळा होतो," सूप ढवळत त्सोना आत्या म्हणाली. "अगं, तेरा दिवस तुझा बाप त्यावर नुसती गिचमीड करतोय."

"आत्या, ते ऐकतायत."

"ऐकत असता तर एव्हाना माझ्यावर खेकसला असता. पन्नास वर्षं खेकसतोय!"

बिलियानाने फोन टेबलावरच्या मेणकापडावर बाबांपुढे ठेवला. त्यांचा डावा हात बटणांवर फिरला. अक्षरं उमटली, त्यांत एकही शब्द नव्हता. रोजच्याप्रमाणे ती वहीत उतरवताना तिचा हात थांबला. ही ओळ तिने आधी लिहिली होती. तिने पानं उलटली. मंगळवारी, तीच. त्याआधी शुक्रवारी, तीच. अक्षरन्‌अक्षर.

बारा वर्षं ती शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होती. भरकटलेला हात एवढी लांब ओळ तीनदा तशीच देत नाही.

"बाबा, पुन्हा एकदा."

या वेळी तिने पडद्याकडे न पाहता बाबांच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या तर्जनीने आधी एका बटणावरचा, बोटांची जागा दाखवणारा बारीक उंचवटा चाचपला. मग बाबांची नजर खिडकीबाहेर गेली. लहानपणी पोस्टाच्या तारघरात ती हेच पाहत बसायची: तारा टाइप करायच्या टेलिप्रिंटरवर बाबांची बोटं, आणि डोळे बाहेरच्या झाडावर. त्या यंत्रावर अक्षरांची मांडणी जुनी, सरकारी होती. फोनमध्ये तिने सवयीने स्वतःची, हल्लीची मांडणी लावली होती. बाबा तेरा दिवस बरोबर लिहीत होते. अक्षरं चुकीच्या जागी तिनेच ठेवली होती.

मांडणी बदलून तिने फोन पुन्हा पुढे केला. तोच हात, त्याच जागा. पडद्यावर उमटलं:

सगळं कळतं. सूप अळणी. लाझार.

अगदी तारेसारखं, एकही शब्द जास्तीचा नाही. ती त्या हाताकडे बघतच राहिली. यंत्र भंगारात जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यातली अर्धी अक्षरं तर उजव्या हाताची, डाव्याने ती कधी दाबलीच नव्हती. तरी त्याला सगळी सापडत होती.

आत्याने ओठ हलवत वाचलं. "मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, म्हाताऱ्या," ती म्हणाली, आणि पळीसकट खाली बसली.

बिलियानाने फॉर्म ओढला. ‘समज’च्या रकान्यात तिने पडद्यावरची ती ओळ जशीच्या तशी उतरवली.