या घराची मतं धरू नयेत

रविवारी सकाळी घरात कोणी कांदा चिरायचा नाही, कोणी डोक्याला तेल लावायचं नाही आणि दिराने कामाचे रंगाने माखलेले कपडे घालून आत यायचं नाही, असं मी शनिवारपासून बजावून ठेवलं होतं. उठून बघते तर सासूबाईंनी नेमकं कपाट आवरायला काढलेलं, आणि डांबरगोळ्यांचा वास थेट जिन्यापर्यंत पोहोचलेला. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच.

मी परफ्यूमच्या कारखान्यात काम करते. लोकांना हे ऐकून वाटतं की मी दिवसभर फुलांच्या राशीत बसलेली असते. प्रत्यक्षात मी वजनकाट्यापुढे बसते. आमच्या मोठ्या बाई कागदावर कृती लिहून देतात आणि मी थेंब थेंब तोलून ती बाटलीत उतरवते. वास त्यांचा, हात माझा. अकरा वर्षं हेच चाललंय, आणि त्यात मला कमीपणा वाटला असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. वाटायचा.

वर्षातून एकदा आमच्याकडे घरची चाचणी असते. सात कामगारांच्या घरी पाच-पाच छोट्या कुप्या जातात. कुपीवर फक्त नंबर. घरातल्या माणसांनी कागदी पट्टीवर थेंब टाकून हुंगायचं, पाव तासाने पुन्हा हुंगायचं, मग मनगटावर लावून तीन तासांनी. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावायचं, म्हणजे ते पुन्हा जागेवर येतं. शेवटी प्रत्येक नंबरापुढे ‘ठेवा’ किंवा ‘टाका’ लिहायचं. ज्या नंबराला चार घरं ‘ठेवा’ म्हणतील तो बाजारात जायचा. बाकीच्यांची कृती फाइलमध्ये जाते आणि फाइल कपाटात.

या वर्षी मोठ्या बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या, “तुझं स्वतःचं एखादं मिश्रण असेल तर घाल या फेरीत.” असेल तर! दोन वर्षं मी काम सुटल्यावर अर्धा-अर्धा तास थांबून ते करत होते. त्या अर्ध्या तासासाठी घरी किती थापा मारल्या ते माझं मला माहीत. पाच नंबरच्या कुपीत तेच होतं. ते पुढे गेलं असतं तर मी काट्यापुढून उठून बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसले असते. नाही गेलं तर पुन्हा वर्षभर तोलत बसायचं. इतकं सरळ होतं ते.

आता माझी चूक. कुप्या घरी नेणाऱ्याने घरच्यांना काही सांगायचं नाही, असा नियम आहे. शनिवारी जेवताना माझ्या पोटात राहिलं नाही. “यातला एक माझा आहे,” मी म्हणाले. नंबर सांगितला नाही, पण तेवढंही बोलायला नको होतं. सगळ्यांचे हात ताटात थांबले. माझ्या नवऱ्याने, जो लिफ्ट दुरुस्त करतो आणि एरवी लिफ्टशिवाय कशावर बोलत नाही, त्याने विचारलं, “तुझा म्हणजे, तू केलेला?” मी मान हलवली. सासूबाईंनी मला आणखी एकदा वाढलं. पोट भरलंय हे मी सांगूनही.

रविवारी मंडळी टेबलाभोवती अशी शहाण्यासारखी बसली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. नवरा, सासूबाई, दीर आणि आमची अकरा वर्षांची मुलगी. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण झोपायला जा म्हटलं तरी ती आधी बाजू मांडते. मी कुप्या मांडल्या, पट्ट्या दिल्या आणि नियमाप्रमाणे बाहेर गच्चीवर जाऊन बसले. आतून कुजबुज ऐकू येत होती. मला वाटलं, वासांवर चर्चा चाललीये. मी मनातून सुखावले. जीव टांगणीला लागला होता तो वेगळाच.

संध्याकाळी कागद पाकिटात घालताना नजर गेलीच. चारही कागदांवर तीन नंबरापुढे ‘ठेवा’. बाकी सगळ्यांपुढे ‘टाका’. दिराने तीन नंबरापुढे लिहिलं होतं, ‘मंद आणि प्रेमळ’. हा माणूस वीस वर्षं रंगारी आहे. टर्पेंटाइनने त्याच्या नाकाची अशी वाट लावलीये की गेल्या वर्षी शेजारी कचरा पेटला तेव्हा तो म्हणाला होता, कुणीतरी उदबत्ती लावलीये वाटतं. याला मंद आणि प्रेमळ कुठून कळलं?

“भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो वहिनी. अक्षर माझंच आहे ना?”

“अक्षर तुमचं आहे. मजकूर कुणाचा?”

दिराने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने पंख्याकडे. वकीलबाई उभी राहिली. “आई, एकमताने निर्णय झाला तर त्यात गुन्हा काय?”

“चौघांनाही एकच वास आवडला?”

“आवडायचा प्रश्नच नव्हता,” ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, “तो तुझा होता ना. आजीने ओळखला.”

सासूबाई पदराने टेबल पुसत होत्या. टेबल स्वच्छच होतं.

“आई, तुम्ही कसा ओळखलात?”

“अगं, न ओळखायला काय झालं?” त्यांना उलट माझंच नवल वाटलं. “कामावरून येतेस, दार उघडतेस, तेव्हा जो वास आत येतो तो. तुझ्या केसांना येतो, ओढणीला येतो. डोळे बांधून दिला असतास तरी सांगितलं असतं. म्हटलं, ही आली.”

“मलाही तसंच वाटलं,” नवरा म्हणाला. “म्हणून मग बाकीच्यांना टाका लिहिलं. म्हणजे तुझा ठळकपणे वर येईल.”

तीन नंबर मोठ्या बाईंचा होता. चार महिने मी रोज तेच मिश्रण तोलत होते. ते माझ्या केसांत, कपड्यांत, नखांत मुरलं होतं आणि माझ्या नाकाला इतकं सवयीचं झालं होतं की मला ते येतच नव्हतं. माझ्या माणसांनी मला अगदी बरोबर ओळखलं होतं. दुसऱ्या बाईच्या वासावरून.

“तो माझा नाही,” मी म्हणाले. “तो बाईंचा आहे.”

मग माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी नको नको ते बोलले. माझ्या दोन वर्षांवर पाणी ओतलंत. साधं खरं लिहायला सांगितलं होतं, तेवढंही जमलं नाही. दिराला तर मी म्हणाले की तुमच्या नाकापेक्षा भिंतीला जास्त कळतं. तो गरीब माणूस नुसता “हो” म्हणाला. वकीलबाई रडायला लागली आणि तिचं बघून मलाही रडू आलं, म्हणून मी आणखी जोरात बोलले.

नवऱ्याने मला पाण्याचा ग्लास दिला. “हे बघ,” तो म्हणाला, “कागद फाडू. कोरे कागद आहेत अजून. तू फक्त नंबर सांग. बाकी आम्ही बघतो.”

किती सोपं होतं. आकडा माझ्या ओठांवर आला होता. कारखान्यात कोणाला कळलं नसतं, चौघांनी शपथेवर ‘ठेवा’ लिहिलं असतं, आणि मनापासून लिहिलं असतं. सासूबाईंनी तर कागद पुढे ओढून चष्माही चढवला होता. पण मला ते नको होतं. माझ्यावर यांचं प्रेम आहे का, हे मला विचारायचंच नव्हतं. ते मला ठाऊक होतं. वास चांगला जमलाय का, एवढंच विचारायचं होतं.

“राहू दे,” मी म्हणाले. पाकीट बंद केलं आणि वर लिहिलं, ‘या घराची मतं धरू नयेत.’ खाली सही केली. सासूबाई बघत होत्या.

सोमवारी मोठ्या बाईंनी पाकिटं फोडली. मी काट्यापुढेच होते, पण त्या दिवशी काय तोललं ते देव जाणे. दुपारी त्यांनी मला बोलावलं. सहा घरांचे कागद समोर पसरले होते. तीन नंबरला पाच घरं. पाच नंबरला तीन.

“एक घर कमी पडलं,” त्या म्हणाल्या. माझं पाकीट त्यांनी बोटाने पुढे सरकवलं. “हे काय आहे?”

मी सगळं सांगितलं. माझ्या घरच्यांनी तुमचा वास माझा समजून निवडला, हे ऐकून त्या आधी हसल्या. मग हसू थांबलं. “माझ्या घरी,” त्या म्हणाल्या, “मी आले की गेले हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही.” त्यांनी कागद गोळा केले. “पुढच्या वर्षी पुन्हा घाल.”

मी बरं म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. वाईट वाटलं. खूप वाटलं. घरी जाताना दोन बस सोडल्या, तेव्हा कुठे तिसरीत चढायचं बळ आलं.

दार उघडलं तर चौघंही बाहेरच्या खोलीत. नवरा कामावरून लवकर आला होता. दीर आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, दहावीच्या निकालाला बसल्यासारखा बसला होता.

“तीनच घरं मिळाली,” मी म्हणाले. “चार हवी होती.”

वकीलबाईने हिशेब केला आणि तिचा चेहरा पडला. तिने बाजू मांडली नाही. पहिल्यांदाच. सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या कुप्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या.

“आता सांगायला हरकत नाही ना? तुझा कोणता?”

मी पाच नंबरची कुपी काढून दिली. त्यांनी ती पट्टीवर नाही, थेट मनगटावर लावली आणि खुर्चीत जाऊन बसल्या. “चहा नंतर टाका,” त्यांनी हुकूम सोडला. “मध्ये कोणी काही खायचं नाही आणि कोणी बोलायचं नाही. पाव तास झाला की मला सांगा.”

नवऱ्याने घड्याळ लावलं. आम्ही बसलो. त्या मध्येच मनगट हुंगायच्या, मध्येच कोपर, पुन्हा मनगट. पाव तास झाला, अर्धा झाला, तास झाला. दिराच्या पोटातून आवाज आला तेव्हा त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं की तो गच्चीवर निघून गेला. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मोठ्या बाईंच्या टेबलासमोर वाटली नव्हती इतकी.

शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला.

“खरं सांगू?”

“सांगा.”

“मला नाही आवडला.”

नवरा “आई!” म्हणून ओरडलाच. त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. डोळे भरले होते त्यांचे, पण मागे हटायला तयार नव्हत्या. “काल खोटं लिहिलं आणि तुझं नुकसान केलं. आज नाही लिहिणार. आधी फार छान येतो गं. वाटतं, कोणीतरी जवळ येऊन बसलं. आपण बोलायला तोंड उघडावं, तर ते माणूस उठून गेलेलं असतं. असं का करतं ते?”

मला लागलं ते. आणि त्याच क्षणी कळलं की बरोबर आहे. तळाला, म्हणजे शेवटपर्यंत टिकून राहील असं, मी काही ठेवलंच नव्हतं. सगळं हलकं, सगळं वरवरचं, कुणाला जड व्हायला नको म्हणून. ज्या तीन घरांनी ‘टाका’ लिहिलं, त्यांनाही बहुधा हेच म्हणायचं असणार, पण त्यांनी एवढा वेळ दिला नाही.

मी वकीलबाईच्या दप्तरातून वही आणि पेन्सिल काढली आणि सासूबाईंच्या पायाशी बसले.

“आई, ते माणूस किती वेळाने उठून गेलं? नीट आठवून सांगा.”